उटोमुटो

लुपे आत्या शनिवारी निकाल देणार, हे शुक्रवारपर्यंत अख्ख्या नेइआफू गावाला माहीत झालं होतं. बाबा आणि सेमिसीकाका तेवढे जणू काही ठाऊकच नसल्यासारखे छपाईच्या दुकानात एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून आठवडाभर एकमेकांशी फक्त स्टेपलरबद्दल बोलत होते.

"स्टेपलर दे."

"हा घे स्टेपलर."

"पिना संपल्यात."

संपला संवाद. आई म्हणाली, यापेक्षा भांडले असते तर निदान जेवण तरी सुखाचं झालं असतं.

मंगळवारच्या बोटीनं काकांचं डिजिटल मशीन येणार होतं. फोटोत बघितलंय मी ते. एका कपाटाला दुसरं कपाट चिकटवलं तर जेवढं होईल तेवढं. आणि दुकानात खोली एकच. त्या खोलीत आजोबांच्या काळापासून ट्रेडल उभं आहे, पायानं चालणारं छपाईयंत्र, लोखंडी, काळं. मशीन आत आलं तर ट्रेडल बाहेर, आणि बाहेर म्हणजे भंगारातच, कारण एवढं धूड ठेवून घ्यायला कोणाकडे जागा नाही. ट्रेडल राहिलं तर मशीन बंदरावरच्या गोदामात खाऱ्या हवेत गंजणार. भावाभावांना ठरवता येईना, तेव्हा आमच्याकडे एकच वाट उरते, ती मोठ्या बहिणीच्या दारात जाते. आत्या आमची फाहू. भावांच्या घरात तिचा शब्द शेवटचा, आणि तिनं मागितलेली वस्तू त्या घरात राहत नाही. गेल्या नाताळात तिनं आमचा फ्रीज नेला. बाबांनी स्वतः उचलून दिला, आतल्या कोंबडीसकट.

"ट्रेडल गेलं तर बाबा काय करणार गं?" मी आईला विचारलं होतं.

"मशीनसमोर खुर्चीवर बसणार."

"आणि?"

आईनं बाबांचा शर्ट पुन्हा बादलीत बुडवला. बाबांच्या शाईच्या शर्टांना वैतागून ती गेले दोन महिने गुपचूप काकांच्या बाजूला गेली होती, हे मला माहीत होतं. पण त्या खुर्चीचं चित्र तिलाही आवडलं नसावं.

शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये आत्याच्या मंडळाच्या सोळा बायका लांब पाटाच्या दोन बाजूंना मांडी घालून बसल्या. पुढच्या शुक्रवारी आमच्या ओटुमोटु कन्याशाळेला पन्नास वर्षं पुरी होणार, म्हणून माजी विद्यार्थिनींकडून शाळेला झाडाच्या कुटलेल्या सालीचा पट द्यायचा होता. पन्नास घरांचा, दर वर्षाला एक घर. पाटावर ठसे बांधायचे, त्यांच्यावर सालीचे पांढरे ताव अंथरायचे, खळ लावून दुसरा थर चिकटवायचा, आणि वरून कोकाच्या झाडाच्या तांबूस रंगात बुडवलेला बोळा जोर लावून घासायचा, की खालची नक्षी वर उमटते. घर झालं की पट पुढे ओढायचा आणि पुढचं घर घ्यायचं.

बाकीचे ठसे नारळाच्या हिरांचे, आजीच्या हातचे. मधलं शाळेचं नाव मात्र बाबांनी केलेलं. आत्यानंच सांगितलं होतं, अक्षरांचं काम सेफाकडे द्या. बाबांनी पोस्टरांसाठी ठेवलेले सगळ्यांत मोठे लाकडी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, काढले, चौकटीत नाव जुळवलं, चारदा पुसलं आणि टॉवेलात गुंडाळून मंडळाकडे पाठवलं. ऐन निकालाच्या आठवड्यात.

"लाच आहे ही," आई म्हणाली.

"अक्षरं आहेत," बाबा म्हणाले.

हॉलमध्ये पहिलंच घर घासताना फाने मावशी कुरकुरायला लागली. ती आत्याची शाळेतली मैत्रीण. तिचा आवाज धक्क्यावर उभं राहून बोटीतल्या माणसाशी बोलावं तसा, समोर कोणीही असो. "हा ठसा आहे की घराची पायरी? कडेला साल फाटायला आलीय!"

आत्या पाटाच्या टोकाशी बसून ताव जुळवत होती. भावाबद्दल चारचौघांत ती थट्टा करत नाही, ऐकूनही घेत नाही. "टोआ," ती म्हणाली, "तुझ्या बाबांना विचारून ये, ठसा एवढा उंच का केलाय."

"आणि चढायला शिडी देतो का तेही विचार," फाने मावशी.

बाबा हॉलबाहेर नीरफणसाखाली बसले होते, हॉलकडे पाठ करून. आमच्यात भाऊ मोठ्या बहिणीसमोर ऐसपैस बसत नाही, तिच्या देखत मस्करी करत नाही, कामाशिवाय तोंडही उघडत नाही. बाकीच्या घरांतून हे आता सैल झालंय, आमच्या घरात नाही. त्यामुळे मला बोलता यायला लागल्यापासून त्या दोघांमधलं टपाल माझ्याकडे आहे. आणि खरं सांगायचं तर मी पत्रं फोडते. फोडते, वाचते, जरा साखर घालते आणि मग पोचवते. इतकी वर्षं घरात शांतता आहे ती उगाच नाही.

"बाबा, आत्या म्हणतेय ठसा छान भक्कम झालाय. उंचीचं काही खास कारण?"

"खिळ्याची उंची आहे ती." बाबांना एवढा सोपा प्रश्न कोणी विचारतं याचंच आश्चर्य वाटलं. "जगातला कुठलाही खिळा घे, तेवढाच उंच. नाहीतर ट्रेडलमध्ये शाई कशी लागणार?"

"पण हा ट्रेडलमध्ये जायचाच नाहीये."

"उंची ती उंची, टोआ."

मी आत गेले. "आत्या, बाबा म्हणतात माफ करा, लाकूड तसंच मिळालं."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. तिला माझं साखरेचं दुकान माहीत आहे, असा मला नेहमी संशय येतो. "कडेला अजून एक पट्टी लावा," ती बायकांना म्हणाली, आणि काम सुरू झालं. गाणी, बोळ्यांची घसघस, मध्येच कोणाच्या तरी सुनेची चौकशी. सेमिसीकाकांच्या मशीनचाही विषय निघाला. निम्म्या बायकांना ते हवं होतं, कारण त्यावर नातवंडांचे रंगीत फोटो मगवर छापून मिळणार होते.

"मगवर!" फाने मावशी म्हणाली. "सेमिसीनं आधी तो काळा चष्मा काढावा, मग मला मग विकावा. डोळे न दाखवणाऱ्याकडून मी मासळीसुद्धा घेत नाही."

काळा चष्मा त्या वेळी बाहेर व्हॅनमध्ये होता. काका ऑकलंडला अठरा वर्षं राहून मागच्या वर्षी परत आले. कलिंगडाच्या सरबताची बादली घेऊन ते उतरले आणि बाबांपासून दोन हातांवर बसले.

"दादा, शाळेची स्मरणिका तयार आहे. एकशेवीस पानं. मशीन मंगळवारी उतरलं की गुरुवार दुपारपर्यंत छापून, शिवून मोकळे."

"कव्हर?"

"तेही त्यातच."

"हं."

"तुला पायानं काहीच दाबायला नको. बटण दाबलं की झालं."

"हं," बाबा पुन्हा म्हणाले, आणि गवताची काडी मोडून तिचे चार सारखे तुकडे केले.

त्या वेळी दोघांच्या डोक्यात काय चाललं होतं, ते मी नंतर दोघांकडून वेगवेगळं काढून घेतलं. काका मनात म्हणत होते, याचा डावा गुडघा सुजलाय, हा जिन्यावरून एकेक पायरी उतरतो, आणि मी याला सरळ म्हणू शकत नाही की दादा, तू दमलायस. म्हणून मी बटणाबद्दल बोलतोय. बाबा मनात म्हणत होते, मशीन चांगलं असेल, सेमिसी चांगला आहेच. पण सकाळी दुकान उघडल्यावर मी हात कुठे ठेवायचे?

मी वाडग्यातून सरबत प्यायले आणि मला यातलं काही दिसलं नाही. मला दोन माणसं गवत मोडताना दिसली.

साडेदहाच्या सुमाराला आईनं पाठवलेली केकेंची, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांची, परात घेऊन मी हॉलच्या मागच्या दारानं आत शिरले. पूर्ण झालेली बारा घरं त्या दाराच्या दिशेनं ओढून सुकत ठेवली होती. रंग सुंदर चढला होता. आणि प्रत्येक घराच्या मधोमध ठळक, सरळ, अभिमानानं उभं असलेलं एक नाव होतं, जे माझ्या शाळेचं नव्हतं.

आधी मला ती खूण दिसली. आमच्या शाळेचं नाव उच्चारताना ओ-च्या आधी घसा किंचित अडतो आणि रोमन अक्षरांत लिहिताना तिथे एक छोटी रेघ येते. पहिलीपासून प्रत्येक वहीवर मी ती रेघ आधी काढलीय आणि मग नाव. इथे रेघ शेवटी लोंबत होती. मी अक्षरं वाचली. उ. टो. मु. टो.

उटो म्हणजे कोंब फुटलेल्या नारळाच्या पोटातला भुसभुशीत गोळा. मुटो म्हणजे काहीच नाही.

"आत्या," मी परातीसकट ओरडले, "आपण शाळेला नारळाचा गोळा देतोय!"

सोळा बोळे एकदम थांबले.

फाने मावशी गुडघ्यांवर रांगत आली आणि बोट ठेवून वाचायला लागली. "उ... टो... मु... अगं बाई गं!"

इतका वेळ कोणाला कसं दिसलं नाही, तर त्या नावातलं प्रत्येक अक्षर असं आहे की ते आरशात धरलं तरी तसंच दिसतं. एकेक अक्षर बरोबर, ओळ तेवढी मागून पुढे. त्यात निम्म्या बायका पाटाच्या पलीकडून बघणाऱ्या, त्यांना सगळंच डोक्यावर उभं. आणि काम करताना कोण वाचतं? सांधा बघायचा, रंग बघायचा, शेजारणीचा हात आपल्यापेक्षा हळू तर नाही ना हे बघायचं.

मग जी पलटापलट झाली ती बघण्यासारखी होती. "मशीन असतं तर हे झालंच नसतं." "मी पहिल्यापासून म्हणत होते, सेमिसीला द्या म्हणून." हे म्हणणारी फाने मावशी होती! तासाभरापूर्वी त्याच तोंडानं तिनं काळ्या चष्म्याचा उद्धार केला होता.

आत्यानं मात्र खांद्यावरचा टॉवेल तोंडाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. तिचे खांदे जरासे हलले. सगळ्यांना वाटलं, आता ती रडणार किंवा फाडून खाणार. खरं काय ते तिनं मला सोमवारी सांगितलं. तिला हसू आवरत नव्हतं. पण भावाची चूक, बहीण आणि पंधरा बायका समोर, तेव्हा हसायची सोय नाही. तिनं टॉवेल चावला.

टॉवेल खाली आला तेव्हा चेहरा कोरडा होता. "साल किती उरलीय?"

"अडतीस घरांपुरती," कोणीतरी म्हणालं. "मोजून अडतीस."

म्हणजे पहिल्यापासून परत करणं शक्य नव्हतं. नवी साल कुटायची तर तीन आठवडे, आणि शुक्रवार सहा दिवसांवर.

"टोआ," आत्या म्हणाली. "जा. सांग."

"काय सांगू?"

"आहे ते." तिनं जरा थांबून माझ्याकडे बघितलं. "या वेळी आहे तसंच."

मी गेले आणि सांगितलं. साखर नाही, काही नाही. बाबा, नाव उलटं आलंय. बारा घरं.

बाबा आधी हसले, कारण ते अशक्य होतं. मग त्यांनी मातीत बोटानं नाव काढलं, उजवीकडून डावीकडे, भराभर, जसं ते रोज जुळवतात. "दाबून छापलं की सुलटं येतं," ते मला समजावत म्हणाले. "खिळे उलटे, कागद सुलटा. आणि घासून..." बोट थांबलं. घासून छापताना कागद खाली येत नाही, तो वरच असतो. पाटावर जे दिसतं तेच वर दिसतं. हे आमच्याकडे चार वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं.

"चाळीस वर्षं, टोआ. हात आपोआप तिकडूनच चालतो. मी बघितलंसुद्धा नाही." त्यांनी मातीतलं नाव तळव्यानं पुसलं. "ताईंच्या पटावर. ताईंच्या शाळेच्या पटावर." मग अगदी नेहमीच्या आवाजात, जणू पिना संपल्यात असं सांगावं तसे म्हणाले, "तुझ्या काकांना सांग, मंगळवारी मशीन सरळ दुकानात उतरवून घ्या म्हणावं. मी सोमवारी खोली रिकामी करतो."

हे टपाल मला पोचवावं लागलं नाही. काका तिथेच होते, सरबताचा डाव हातात घेऊन. मला वाटलं, आता तरी ओठांचा एक कोपरा हसेल यांचा. त्यांनी चष्मा काढला, डाव माझ्या हातात दिला आणि सरळ हॉलच्या उंबऱ्यापाशी जाऊन मान खाली घालून उभे राहिले.

"ताई, चूक माझी आहे. दादाला नावाचा कागद मीच काढून दिला. कॉम्प्युटरवर तो उलटा झाला होता, माझ्या लक्षात आलं नाही."

हॉलमध्ये "हं!" असा एकच मोठा आवाज झाला. पंधरा सेकंदांपूर्वी मशीनच्या बाजूनं असलेल्या बायका पंधरा सेकंदांत मशीनच्या विरुद्ध गेल्या.

आणि तेव्हा नीरफणसाखालून बाबा उठले. हॉलच्या खिडकीपर्यंत आले, तिथे पाठ करून उभे राहिले आणि समोरच्या झाडाला उद्देशून मोठ्यानं म्हणाले, "टोआ, तुझ्या काकांना सांग, खोटं बोलायचं तर आधी शिकून यावं. कागद नव्हताच. खिळे मी लावलेत."

"दादा, गप बस ना!"

"तू गप बस."

"अरे, तुझ्यासाठीच बोलतोय मी!"

"माझ्या जुळणीचं श्रेय तू घ्यायचं नाहीस, सेमिसी!"

"चुकलेल्याचंही?"

"चुकलेल्याचंही!"

आठवडाभरात स्टेपलर सोडून पहिल्यांदाच ते काहीतरी बोलले होते. आत्या आत खाली मान घालून बोटांवरचा रंग पुसत होती, आणि खूप वेळ पुसत होती.

"टोआ," ती शेवटी म्हणाली, "तुझ्या बाबांना विचार, दुरुस्तीला किती दिवस लागतील."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बाबांनी ते माझ्याआधीच ऐकलं होतं. "दिवस?" त्यांचा अपमान झाला होता. "चौकट बाहेर द्या."

चौकट खिडकीतून बाहेर गेली. बाबांनी खिशातून चौकट आवळायची चावी काढली. ती चावी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही खिशात आहे. दोन पाचरी सैल केल्या, खिळे हातावर घेतले, फडक्यानं एकदा पुसले, दुसऱ्या टोकाकडून लावले, शेवटची रेघ सुरुवातीला बसवली आणि चावी फिरवली. फाने मावशीचा एक केके संपायच्या आत चौकट परत पाटावर होती. अक्षरं तीच, फक्त रांग फिरली. तेरावं घर अंथरलं, घासलं, आणि सोळा बायका वाकल्या.

ओटुमोटु.

"मालिए!" सगळ्या वाहवा करत ओरडल्या. फाने मावशी सगळ्यांत मोठ्यानं. "मी म्हटलंच होतं, सेफाचा हात म्हणजे सेफाचा हात!"

"काय म्हटलं होतंस तू, पायरी ना?" मी विचारलं.

"तू केके वाट गं."

"पण ही बारा?" पलीकडची एकजण म्हणाली. "कापून टाकावी लागतील. मग अडतीसचाच पट होईल, आणि लोक विचारतील, बारा वर्षं शाळा कुठे गेली होती?"

आत्या उभी राहिली. तिचे गुडघे वाजले, तेवढाच आवाज. "फाने, शाळा निघाली त्या वर्षी आपण कुठे बसायचो?"

"बोटींच्या शेडमध्ये. फळा दाराला टेकवलेला. कोणी आत आलं की गणित पडायचं."

"घंटा?"

"शाळा सुटल्यावर वाजायची. भरताना वाजवणारा मासे पकडायला गेलेला असायचा."

"आणि बाई?"

"बाई बिचाऱ्या न्यूझीलंडहून आलेल्या. आपण त्यांना आपली भाषा शिकवायचो." फाने मावशी हसायला लागली. "वर्षाच्या शेवटी आपण त्यांना पास केलं होतं, आठवतंय?"

"सगळं उलटंच होतं. शाळेला इमारत कोणत्या वर्षी मिळाली?"

"चौदाव्या," एकजण म्हणाली.

"बाराव्या," दुसरी.

"तेराव्या," आत्या म्हणाली.

ती तेराव्या म्हणाली म्हटल्यावर ती तेराव्याच वर्षी मिळाली. कोणी वाद घातला नाही.

"मग पट बरोबर आहे. बारा उलटी, पुढची सुलटी. एकही घर कापायचं नाही. कोणी विचारलं तर फाने सांगेल, तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो." हसण्याचा एवढा कल्ला झाला की खिडकीबाहेर बाबांची पाठसुद्धा जरा सैल झाली. आत्यानं तो ओसरू दिला. मग म्हणाली, "आता दुसरी गोष्ट. ट्रेडल."

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या.

बाहेर दोघे भाऊ शेजारीशेजारी, खिडकीकडे पाठ करून उभे होते.

"ट्रेडल मी मागते."

फाने मावशी माझ्या कानात म्हणाली, "फ्रीजनंतर हे." मी बाबांकडे बघत होते. फाहूनं मागितल्यावर भावाकडे एकच उत्तर असतं, आणि ते उशिरा देणंही वाईट दिसतं.

"टोआ," बाबा म्हणाले, "ताईंना हो सांग."

"ते या हॉलच्या मागच्या खोलीत लावायचं," आत्या पुढे बोलत होती. आवाज तिनं इतका वाढवला की माझी गरज उरली नव्हती. "स्मरणिकेला मंडळाकडून सालीचं कव्हर. हाच ठसा उलटवून, शाई लावून, दाबून. सेमिसीच्या मशीनच्या पोटात साल जाईल?"

"अडकेल, ताई," काका झाडाकडे बघत म्हणाले. "मशीन मरेल."

"मग आतली पानं तुझी, दुकान तुझं. कव्हर आमचं. पण मंडळात कोणाला ते यंत्र चालवता येत नाही. ज्याला येतं त्यानं शिकवायचं. पायानं दाबायला आमच्याकडे सोळा बायका आहेत, त्यानं गुडघा वाकवायचा नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्या दिवशी मी इकडे फिरकणार नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. त्या दिवशी त्यानं यायचं नाही."

बाबांनी मला सांगितलं, त्यांना सुरुवातीला नुसतं 'मागते' ऐकू आलं. त्यापुढचं सगळं पाण्याखालून बोलल्यासारखं. मग 'ज्याला येतं त्यानं' आलं, आणि तरी त्यांना कळेना की तो कोण. सेमिसीकाकांनी त्यांना कोपरानं ढोसलं तेव्हा कळलं.

मग ते घसा साफ करून म्हणाले, "टोआ, ताईंना विचार, मागच्या खोलीची जमीन पक्की आहे का. ट्रेडल जड आहे."

आमच्या घरात यापेक्षा मोठं आभाराचं भाषण कोणी केलेलं नाही. मी ते शब्दन् शब्द तसंच पोचवलं.

रविवारी आमच्याकडे सुईसुद्धा उचलत नाहीत, म्हणून शनिवारी दिवस मावळायच्या आतच चर्चच्या गायकवृंदातले आठ पुरुष, दोन ओंडके आणि खिळ्यांचे खण भरलेला काकांच्या मित्राचा ट्रक, अशी ट्रेडलची वरात निघाली. काका पुढे चालत लोकांना बाजूला करत होते आणि बाबा मागून सगळ्यांना हळू, हळू, असं ओरडत होते. रस्त्यात दोघं एकमेकांवर तीनदा भडकले. आई दुकानाच्या दारात उभी राहून बघत होती आणि तिच्या हातात बाबांचा एक स्वच्छ शर्ट होता. कशासाठी ते तिलाही माहीत नसावं. ट्रेडल लावून झाल्यावर बाबा सगळ्यांना घालवून देऊन अर्धा तास एकटेच आत होते.

सोमवारी, म्हणजे आत्याच्या पहिल्या दिवशी, शाळेआधी मी तिच्याबरोबर किल्ली घेऊन गेले. ट्रेडलच्या पाळण्यात, छापायचे खिळे अडकवतात तिथे, एक छोटी चौकट घट्ट बसवलेली होती. दोन ओळी, बारीक खिळ्यांत.

"बाबांनी काहीतरी ठेवलंय. थांबा आत्या, मी फोटो काढते आणि फोनवर उलटवून..."

"'ताई, शाईच्या रुळांना पाणी लावू नका. रॉकेल खिडकीत आहे,'" आत्या म्हणाली. घडाघडा, चष्म्याशिवाय, खिळ्यांवरून थेट.

माझा फोन हातातच राहिला. "तुम्हाला उलटं वाचता येतं?"

"तुझ्या आजोबांनी त्याला शाळेत घालायच्या आधी खिळ्यांवरून अक्षरं शिकवली. मग काय, दोन वर्षं पाटीवर सगळं उलटं. मास्तर छडी उचलायचे. कन्याशाळा निघायच्या आधी गावच्या शाळेत मी वरच्या वर्गात होते. त्याची पाटी मी त्यांना वाचून दाखवायची, म्हणजे मार नाही." तिनं चौकटीवरची धूळ फुंकली. "धूळ असली तरी येतं वाचता."

"आणि दुसरी ओळ?"

आत्यानं दुसरी ओळ वाचली. मनात. मग पुन्हा एकदा वाचली. मी मान तिरकी केली, पण बाबांनी मुद्दाम सगळ्यांत बारीक खिळे वापरले होते.

"आत्या, काय आहे दुसऱ्या ओळीत?"

"तुझ्या कामाचं नाही."

"पण टपाल तर मी—"

"टपाल बंद झालं. जा, शाळेला उशीर होईल."

मी गेले. म्हणजे हॉलच्या कोपऱ्यावरून वळून खिडकीखाली गेले. आत खण उघडल्याचा आवाज आला, मग एकेक खिळा जुळणीच्या पट्टीत पडल्याचा, टिक, बराच वेळ काही नाही, टिक. आत्या जुळवत होती. मधेच खण आपटला.

"हा 'एम' कुठे ठेवतो हा माणूस?" ती स्वतःशीच पुटपुटली.

"खालची ओळ, डावीकडून तिसरा!" मी ओरडले.

आत खिडकीकडे येणारी पावलं वाजली.

"टोआ!"